नाताळाला घरचा आहेर

१६२१ सालची पंचवीस डिसेंबरची सकाळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची प्लिमथ ही इंग्रजांची वसाहत तेव्हा जेमतेम वर्षाची होती. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी रोजच्यासारखं सगळ्यांना कामावर बोलावलं. नुकतेच जहाजातून आलेले काही नवे लोक मात्र अडून बसले. आज नाताळ आहे, आज काम करणं आमच्या मनाला पटत नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रश्न मनाचा असेल तर तुम्हाला समज येईपर्यंत सूट, असं म्हणून ब्रॅडफर्ड बाकीच्यांना घेऊन कामाला गेले. दुपारी परतले तर सुटी घेतलेली मंडळी भर रस्त्यात चेंडू टोलवत होती, दांडा फेकण्याची शर्यत लावत होती. ब्रॅडफर्ड यांनी खेळाचं सामान काढून घेतलं आणि सुनावलं, की दुसरे राबत असताना तुम्ही खेळावं हे माझ्या मनाला पटत नाही. भक्ती करायची असेल तर घरात बसून करा. हा प्रसंग त्यांनी स्वतःच वसाहतीच्या इतिहासात लिहून ठेवला आहे.

ब्रॅडफर्ड ख्रिस्ताचे विरोधक नव्हते. श्रद्धेपायी देश सोडून, समुद्र ओलांडून आलेल्या कडव्या ख्रिस्ती लोकांचे ते पुढारी होते. तरीही नाताळ त्यांना चालत नव्हता. त्यांच्या पंथाचं म्हणणं थोडक्यात असं: येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेही नाही, तो दिवस पाळण्याची आज्ञाही नाही, आणि जो दिवस पाळला जातो तो मुळात रोमच्या पेगन लोकांचा आहे. युरोपात ख्रिस्ती धर्म पसरण्याआधी जे अनेक देवदेवतांची पूजा करत, त्यांना ख्रिस्ती परंपरेत पेगन म्हणतात.

नाताळ मुळात पेगन सण आहे, हे वाक्य आता दर डिसेंबरात ऐकू येतं. ते धर्म न मानणाऱ्यांनी काढलेलं असावं असा अनेकांचा समज असतो. पण हा आरोप सर्वांत आधी, सर्वांत नेटाने आणि सर्वांत जास्त काळ केला तो ख्रिस्ती लोकांनीच, दुसऱ्या ख्रिस्ती लोकांवर. सूर्यदेवाच्या कुणा पुजाऱ्याने आमचा सण चोरला म्हणून तक्रार केल्याची नोंद सापडत नाही. चर्चच्या आतली माणसं मात्र अठराशे वर्षं एकमेकांना विचारत आली आहेत: हे आपलं आहे का? हा वाद समजून घ्यायचा तर तो घरातला वाद म्हणूनच पाहावा लागतो.

सुरुवात नाताळाच्याही आधी होते. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात टर्टुलियन नावाचा तिखट लेखणीचा ख्रिस्ती लेखक होता. त्याने मूर्तिपूजेवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात तो आपल्याच लोकांवर संतापला आहे. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण सतरा डिसेंबरला सुरू होऊन पुढे काही दिवस चाले. सॅटर्न या रोमन देवाचा हा उत्सव. न्यायालयं बंद, जुगाराला मोकळीक, मालक आणि गुलाम एका पंगतीला, मेणबत्त्या आणि मातीच्या लहान बाहुल्या यांची देवघेव. पुढे जानेवारीच्या पहिल्या दिवशी पुन्हा भेटवस्तू. टर्टुलियनचं गाऱ्हाणं असं, की ख्रिस्ती लोक या सगळ्यात बिनदिक्कत सामील होतात. सणाच्या दिवशी दारावर दिवे आणि तमालाच्या माळा नसलेली घरं शोधली तर ती पेगनांची जास्त निघतील, ख्रिस्ती लोकांची कमी, असं तो लिहितो. उलट पेगन लोक आपल्या धर्माशी जास्त इमान राखतात, ते आपला रविवार पाळायला येत नाहीत, हेही तो सुनावतो.

या तक्रारीतून एक गोष्ट कळते, जी मला फार महत्त्वाची वाटते. शेजाऱ्यांच्या सणात सामील व्हायचं की नाही हा प्रश्न चर्चच्या सत्ताधाऱ्यांनी वरून निर्माण केलेला नव्हता. तो गल्लीतला होता. शेजारी दिवे लावतो, पोरं हट्ट करतात, व्यवहारात भेटवस्तू नाकारली तर माणूस दुखावतो. टर्टुलियनच्या काळात ख्रिस्ती लोक अल्पसंख्य होते आणि त्यांच्या बाजूला सत्ता नव्हती. तेव्हा सामील होणारे दबून सामील होत होते की आनंदाने, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं नाही. आपल्यापर्यंत आलं ते रागावलेल्या माणसाचं लिखाण.

त्या काळी येशूचा जन्मदिवस साजरा होत नव्हता. वाढदिवस साजरा करणं हेच काहींना गैर वाटे. अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या पंडिताने दाखवून दिलं, की बायबलमध्ये वाढदिवसाची मेजवानी देणारे दोघेच आहेत, फारो आणि हेरोद, आणि दोघांच्याही मेजवानीत रक्त सांडलं. ओरिजेनच्या आधी होऊन गेलेला क्लेमेंट सांगतो, की काही जण येशूच्या जन्माची तारीख काढू पाहतात. त्याने दिलेल्या तारखा एप्रिल-मेमधल्या आहेत. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस या बाबतीत एकमत नव्हतं.

पंचवीस डिसेंबरची पहिली पक्की नोंद रोममध्ये मिळते. ३५४ साली व्हॅलेंटिनस नावाच्या एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी सुंदर अक्षरातलं एक पंचांगवजा पुस्तक तयार झालं. त्यातल्या हुतात्म्यांच्या यादीच्या आरंभी, ख्रिस्त या दिवशी यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला, अशी ओळ आहे. ही यादी ३३६ च्या सुमाराची असावी असं अभ्यासक मानतात. त्याच पुस्तकातल्या नागरी दिनदर्शिकेत याच तारखेपुढे 'अजिंक्य' देवाचा जन्मदिवस आणि त्यानिमित्त रथांच्या तीस शर्यती असं लिहिलं आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्य, सोल इन्व्हिक्टस. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये या सूर्याचं भव्य मंदिर उभारलं होतं. एका पुस्तकात एकाच तारखेला दोन जन्मदिवस. आजवरचा सगळा वाद या योगायोगावर उभा आहे, जर तो योगायोग असेल तर.

ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा सण उचलला, हे स्पष्टीकरण अठराव्या शतकापासून जगभर रुजलं. ते सोपं आहे आणि खरंही असू शकतं. मात्र पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. पंचवीस डिसेंबरला सूर्याचा जन्मदिवस होत असे याची सर्वांत जुनी नोंद तीच, ३५४ च्या पुस्तकातली. त्याआधीची सापडलेली नाही. ऑरेलियनने मंदिर याच तारखेला अर्पण केलं असं कोणत्याही समकालीन लेखात लिहिलेलं नाही. सॅटर्नेलियाची सांगड तर तारखेतच अडखळते, कारण तो उत्सव लांबला तरी तेवीसपर्यंत संपे.

दुसरं स्पष्टीकरण १८८९ मध्ये फ्रेंच इतिहासकार लुई द्युशेन यांनी मांडलं. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांनी येशूच्या मृत्यूची तारीख पंचवीस मार्च अशी काढली होती. महापुरुषाचं आयुष्य पुरं असतं, तो ज्या दिवशी गर्भात येतो त्याच दिवशी जातो, अशी एक धारणा होती. मग पंचवीस मार्चला गर्भधारणा आणि बरोबर नऊ महिन्यांनी जन्म. संत ऑगस्टिनने हा हिशेब आपल्या एका ग्रंथात स्पष्ट दिला आहे. पूर्वेकडच्या काहींनी मृत्यूची तारीख सहा एप्रिल धरली, आणि तिथे जन्माचा सण सहा जानेवारीला येतो. आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव सहा जानेवारीलाच करतं. दोन्हीकडे नऊ महिन्यांचं अंतर जुळतं, हा या मताचा सर्वांत जोरकस भाग. इतिहासकार आजही दोन्ही बाजूंनी आहेत. मला दुसरं मत अधिक पटतं, तरी सूर्याच्या सणाची छाया पूर्णपणे पुसता येत नाही, कारण ख्रिस्ती लोकांनी सूर्याच्या प्रतिमा खुलेपणाने वापरल्या होत्या. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चखाली जुनी रोमन दफनभूमी आहे. तिथल्या एका थडग्याच्या छतावर मोझेकमध्ये किरणांचा मुकुट घातलेला, रथ हाकणारा एक पुरुष आहे. बहुतेक अभ्यासक त्याला सूर्याच्या रूपातला ख्रिस्तच मानतात.

सण सुरू झाल्यावर धोका काय आहे हे चर्चच्या धुरिणांना ठाऊक होतं. ऑगस्टिनने नाताळाच्या प्रवचनात श्रोत्यांना बजावलं, की आपण हा दिवस सूर्यासाठी पाळत नाही, ज्याने सूर्य घडवला त्याच्यासाठी पाळतो. पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप लिओ यांना तर डोळ्यांसमोर वेगळंच दिसत होतं. सेंट पीटरच्या पायऱ्या चढून आल्यावर काही ख्रिस्ती लोक आत शिरण्याआधी मागे वळत आणि उगवत्या सूर्याला मान लववत. लिओंनी त्याबद्दल प्रवचनातून कानउघाडणी केली. पण सूर्याला मान लववतात म्हणून त्यांनी सण बंद केला नाही. सण ठेवा, अर्थ नीट सांगा, हा मार्ग त्यांनी धरला.

या मार्गाचा सर्वांत प्रसिद्ध दस्तऐवज म्हणजे पोप ग्रेगरी यांचं ६०१ सालचं पत्र. इंग्लंडमध्ये नुकता ख्रिस्ती धर्म पोहोचला होता. मेलिटस नावाचा धर्मगुरू तिकडे निघाला होता. ग्रेगरींनी त्याच्यामागोमाग निरोप धाडला, की मी खूप विचार केला आहे. इंग्रजांची देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती तेवढ्या फोडा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा. हे लोक देवांना बैल बळी देतात. ते एकदम बंद करू नका. हुतात्म्यांच्या सणाच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालू द्या, जनावरं मारून देवाचे आभार मानत मेजवानी करू द्या. उंच जागी पोहोचायचं तर माणूस पायऱ्या चढत जातो, उड्या मारत नाही, असा त्या पत्रातला युक्तिवाद आहे. खरी लक्षणीय गोष्ट ही, की जेमतेम महिनाभर आधी त्याच ग्रेगरींनी केंटच्या राजाला देवळं पाडून टाक असं लिहिलं होतं. एका माणसाच्या मनातही दोन्ही बाजू होत्या, आणि त्याने विचार बदलला.

धर्मांतर करवणाऱ्यांना हे धोरण सोयीचं होतं, पण त्याची किंमतही होती. आठव्या शतकात जर्मनीत काम करणाऱ्या बोनिफेस यांनी ७४२ साली पोप झकारियस यांना एक अवघड पत्र लिहिलं. इथले नवे ख्रिस्ती लोक रोमला जाऊन येतात आणि सांगतात, की सेंट पीटर चर्चच्या शेजारी जानेवारीच्या पहिल्या दिवशी लोक रस्त्यात पेगन पद्धतीने नाचतात-गातात, त्या दिवशी शेजाऱ्याला घरातला विस्तव किंवा भांडंही देत नाहीत, बायका गंडेदोरे बांधतात. आम्ही यांना हेच सोडायला सांगतो तेव्हा ते विचारतात, पोपच्या दारात चालतं ते आम्हाला का नको? झकारियस यांनी उत्तर दिलं, की हे आम्हालाही निंद्य वाटतं. जुन्या चालीरीतींना मुभा देणं आणि त्यांच्यापुढे हतबल होणं यांत अंतर किती कमी असतं, ते या पत्रव्यवहारात दिसतं.

पुढची आठ-नऊशे वर्षं नाताळ वाढत गेला, आणि त्यात खाणंपिणं, सोंगं, दारोदार जाऊन धमकावत दारू मागणं हेही वाढलं. सोळाव्या शतकात युरोपात चर्च फुटलं तेव्हा हा जुना प्रश्न नव्या धारेने वर आला. मार्टिन लूथरने नाताळ ठेवला, आवडीने ठेवला. जिनिव्हाने १५५० मध्ये रविवारखेरीज सगळे सण काढून टाकले. स्कॉटलंडच्या सुधारकांनी नाताळाला पोपची बनावट ठरवलं आणि १६४० मध्ये तिथल्या संसदेने त्याची सुटी रद्द केली. स्कॉटलंडमध्ये पंचवीस डिसेंबर पुन्हा सार्वजनिक सुटी झाला तो थेट १९५८ मध्ये. तिथे वर्षाअखेरीच्या उत्सवाला अजूनही विशेष महत्त्व आहे, त्याचं मूळ इथे आहे.

इंग्लंडमध्ये प्युरिटन, म्हणजे उपासनेतून बायबलबाहेरचं सगळं काढू पाहणाऱ्या लोकांची संसद आली तेव्हा संघर्ष पेटला. १६४४ साली पंचवीस डिसेंबर बुधवारी आला. महिन्याचा शेवटचा बुधवार हा देशव्यापी उपासाचा दिवस होता. संसदेने ठरवलं, उपास पाळायचा, तोही अधिक गांभीर्याने, कारण या दिवशी आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ताच्या नावाखाली ख्रिस्ताला विसरून चैन केली आहे. जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण कायद्याने बंद झाले. नोकर आणि शिकाऊ कामगारांची सुटी जाऊ नये म्हणून दर महिन्याचा दुसरा मंगळवार मोकळा दिला गेला. लोकांना ते मान्य नव्हतं. त्याच वर्षी नाताळाच्या दिवशी कँटरबरीत महापौर दुकानं उघडायला सांगत फिरू लागले तेव्हा दंगल उसळली, उघडी दुकानं फोडली गेली, दारोदार हिरव्या फांद्या लागल्या. पुढच्या वर्षी केंटमध्ये झालेल्या उठावाला या दंगलीचं निमित्त होतं. १६६० मध्ये प्युरिटनांची सत्ता जाऊन राजा परतला आणि सणही परतला.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ पर्यंत होता. १६८७ मध्ये बोस्टनचे धर्मगुरू इन्क्रीस मॅथर यांनी छापील पुस्तकातून मांडलं, की येशू डिसेंबरात जन्मला म्हणून ही तारीख निवडली गेली नाही. रोममध्ये तेव्हा सॅटर्नेलिया चाले आणि त्या पेगन सणाला ख्रिस्ती रूप द्यायचं होतं. आज जो मुद्दा नवा शोध लागल्यासारखा सांगितला जातो, तो तिथे शब्दशः तयार आहे.

प्युरिटनांकडे आनंदाचे शत्रू म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांची भूमिका सुसंगत होती. उपासनेत देवाने सांगितलेलं तेवढंच करावं, माणसाने आपल्या मनाने भर घालू नये, हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या नजरेत दर रविवार हाच येशूच्या विजयाचा सण होता. त्यांच्याच काळातून निघालेले क्वेकर तर आणखी पुढे गेले. सगळे दिवस सारखेच पवित्र मानून त्यांनी वारांची नावंही टाकली, कारण इंग्रजी वारांत जुने देव बसलेले आहेत. पहिला दिवस, दुसरा दिवस असं ते म्हणत. मुळापासून शुद्ध व्हायचं ठरवलं तर कुठवर जावं लागतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे करून दाखवलं. बाकीच्या आक्षेपकांपैकी फार थोडे तिथवर गेले.

एकोणिसाव्या शतकात या आक्षेपाने वेगळं वळण घेतलं, आणि इथे मात्र माझी सहानुभूती संपते. स्कॉटलंडमधले धर्मगुरू अलेक्झांडर हिस्लॉप यांनी १८५३ मध्ये एक पुस्तिका काढली आणि १८५८ मध्ये तिचा मोठा ग्रंथ केला. नाव 'द टू बॅबिलॉन्स'. कॅथलिक चर्च म्हणजे प्राचीन बॅबिलॉनचा धर्मच, असा त्यांचा दावा. निम्रोद, त्याची राणी सेमिरामिस आणि त्यांचा मुलगा यांची पूजा रूपं बदलत रोमपर्यंत आली. नाताळ, ईस्टर, मेणबत्त्या, मरियेची भक्ती, सगळं तिथलंच. बायबलमधला निम्रोद आणि दंतकथेतली सेमिरामिस हे नवराबायको होते याला भक्कम प्राचीन आधार नाही. हिस्लॉप नावांतल्या उच्चारांचं साम्य पाहून देवतांची नाती जुळवतात. दोन गोष्टी सारख्या दिसल्या, की एक दुसरीतून निघाली, ही त्यांची पद्धत. तरी हे पुस्तक दीडशे वर्षं वाचलं जात आहे आणि नाताळविरोधी पत्रकांतली बरीचशी माहिती तिथून येते.

या पुस्तकाच्या प्रभावाची एक हकिगत मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतले धर्मप्रचारक राल्फ वुड्रो यांनी १९६६ मध्ये हिस्लॉपच्या आधारे एक सोपं पुस्तक लिहिलं. ते भरपूर खपलं. पुढे शंका आल्यावर त्यांनी हिस्लॉपचे संदर्भ मुळातून तपासायला घेतले, आणि बरेचसे आधार सापडेनात किंवा वेगळंच सांगत होते. वुड्रो यांनी आपलं खपणारं पुस्तक छापणं थांबवलं आणि १९९७ मध्ये स्वतःचंच म्हणणं खोडणारं नवं पुस्तक लिहिलं. धर्माच्या वादात इतकी सचोटी फार कमी दिसते.

नाताळ न पाळणारे ख्रिस्ती आजही आहेत. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक सुरुवातीला तो पाळत. त्यांच्या तेव्हाच्या ब्रुकलिनमधल्या मुख्यालयात १९२६ नंतर तो झाला नाही. वाढदिवसही ते करत नाहीत, आणि त्यामागे ओरिजेनने सांगितलेलं तेच फारो-हेरोदाचं कारण देतात. फिलिपिन्समध्ये नाताळाची गाणी सप्टेंबरपासून वाजू लागतात. तिथेच १९१४ मध्ये स्थापन झालेलं इग्लेसिया नी क्रिस्तो हे चर्च नाताळ पाळत नाही. काही लहान प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनीही प्युरिटनांची रीत सोडलेली नाही. शाळेत, ऑफिसात, सासरी, सगळीकडे आपण वेगळे दिसणार हे ठाऊक असून ही माणसं आपला निर्णय निभावतात. त्यांची इतिहासाची माहिती मला सगळीच पटत नाही, पण त्यांच्या निष्ठेची थट्टा होते तेव्हा वाईट वाटतं.

त्यांच्या हातात बायबलमधली वचनं आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात इस्राएल लोकांना ताकीद आहे, की इतर लोक आपल्या देवांची सेवा कशी करतात याची चौकशी करून तुमच्या देवाची तशी पूजा करू नका. हे वचन वजनदार आहे आणि नाताळ पाळणाऱ्यांनी ते झटकून टाकू नये. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात रानातलं झाड तोडून सोन्यारुप्याने मढवण्याचा उल्लेख येतो. ती ख्रिसमस ट्रीची निंदा आहे असं सांगितलं जातं. पण पुढचं वाचलं, की कळतं, तिथे सुतार लाकडाची मूर्ती घडवतो आहे. सजवलेल्या झाडाचा खात्रीचा जुना उल्लेख १६०५ मधला, स्ट्रासबुर्गचा: दिवाणखान्यात उभं केलेलं झाड, त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं. पुढे तिथल्याच एका ख्रिस्ती उपदेशकाने हा खेळ म्हणजे पोरखेळ आहे, मुलांना धर्म शिकवा, अशी तक्रार केली.

दुसऱ्या बाजूला प्रेषित पौल आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतो, की कुणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. ज्याने त्याने आपल्या मनाची पुरती खात्री करावी आणि भावाचा न्याय करू नये. त्याच पौलाने गलतीकरांना मात्र दिवस, महिने, ऋतू पाळता म्हणून झापलं आहे. विरोधाभास वाटतो, पण गलतीकर दिवस पाळणं तारणासाठी आवश्यक समजू लागले होते, म्हणून तिथे सूर कडक. सक्ती आली, की पौल विरोधात जातो. मला हीच कसोटी सर्वांत उपयोगी वाटते. तिच्यावर मॅसॅच्युसेट्सचा पाच शिलिंगांचा दंड उतरत नाही, आणि नाताळ न पाळणाऱ्याला ख्रिस्तीच न समजणंही उतरत नाही.

सक्तीचं भयानक रूप आपल्या शेजारी गोव्यात घडलं. पोर्तुगीज राज्यात बाटवलेल्या लोकांमध्ये जुन्या चाली उरल्या आहेत का, हे शोधायला इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय १५६० पासून होतं. १७३६ मध्ये त्याने लांबलचक जाहीरनामा काढून ख्रिस्ती घरांत तुळस लावण्यापासून मीठ न घालता भात शिजवण्यापर्यंत आणि लग्नातल्या कितीतरी रीतींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात हे कागद वाचकांसमोर आणले. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. म्हणजे पुराणाचा साचा चर्चने स्वीकारला आणि स्वयंपाकघरातली रीत नाकारली.

तरी लोकांनी पुष्कळ राखलं. गोव्यात ऑगस्टात राय, ताळगाव आणि इतर गावांतून कणसांचं फेस्त होतं. शेतातली पहिली कणसं पाद्री आशीर्वाद देऊन कापतात आणि ती घरोघर जातात. गोव्यातले हिंदू त्याच सुमाराला नवं साजरं करतात. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरात आगेरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेतात; कोकणात नव्याची पौर्णिमा त्याच दिवसांत येते. इथे मूळ कुणाचं, हे विचारण्यात अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं. भात पिकलं की आभार मानावेसे वाटतात, आणि ती वेळ शेत ठरवतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, कॅथलिक चर्चने स्थानिक रीतींना अधिकृतपणे जागा दिली. मराठी प्रॉटेस्टंटांमध्ये नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजवण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी केलं होतं.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न डिसेंबरापेक्षा भाद्रपदात आणि दिवाळीत जास्त जाणवतो. शेजारून फराळाचं ताट येतं तेव्हा बहुतेक घरं ते आनंदाने घेतात. नैवेद्याचा प्रसाद आला तर मात्र घराघरांत वेगळं घडतं. काही जण घेऊन खातात, काही जण हात जोडून नम्रपणे नको म्हणतात, आणि दोघेही करिंथकरांच्या पहिल्या पत्राचाच आधार सांगतात. तिथे पौलापुढे हुबेहूब हाच प्रश्न होता: मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का? आठव्या अध्यायात तो म्हणतो, मूर्ती काहीच नाही, तेव्हा खाण्याने बिघडत नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या भावाचं मन डळमळत असेल तर सोड. दहाव्यात तो व्यवहार सांगतो. कुणी जेवायला बोलावलं तर जा, पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नकोस. आणि तेही स्वतःच्या मनासाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या मनासाठी.